खटपटी काकूंचे डबे

आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ज्या डब्यावर जे लिहिलंय ते त्यात नसतं, एवढं डोक्यात पक्कं बसवलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मला अजून जमलेलं नाही. बिस्किटांच्या डब्यात बटणं. कॉफीच्या डब्यात मेणाचे तुकडे. दूध पावडरच्या डब्यात कपडे धुण्याचा सोडा, आणि सोड्याच्या डब्यात पिठीसाखर! 'चहा' असं ठसठशीत छापलेल्या डब्यात आजवर चहा सोडून सगळं राहून गेलंय. नवी सून होते तेव्हा पाहुण्यांसाठी चहा टाकायला गेले आणि वाळवलेल्या संत्र्याच्या साली उकळून आणल्या. पाहुणे प्यायले बिचारे. एकजण तर म्हणाला, वेगळाच आहे हं.

"अहो आई, डब्यांवर कागद तरी चिकटवा ना," मी रडकुंडीला येऊन म्हटलं होतं.

"कागद वाचायला मी काय परकी आहे या घरात?" असं म्हणून त्यांनी फळीवरचा एक डबा उचलला, झाकण किंचित उघडलं आणि लगेच बंद केलं. "दालचिनी." दुसरा. "हा खळीचा, भिंतीवर कागद लावायचाय ना." बघितलं म्हणावं तर नजर माझ्याकडे होती. मी हात जोडले.

इमारतीत त्यांना सगळे खटपटी काकू म्हणतात, आणि ते खोटं नाही. बाईंना रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून वाडगे, फाटक्या मोज्यांच्या बाहुल्या, साबणाच्या उरलेल्या चपट्या तुकड्यांचा कीस करून पुन्हा नवी वडी. काही फेकायला निघालं की यांचा हात मध्ये. दर रविवारी सकाळी आमच्या बैठकीत त्यांचा वर्ग भरतो. शेजारपाजारच्या बायका येतात, कधी कुणाचा नवराही येतो आणि कोपऱ्यात लाजत बसतो. एक सोपा पदार्थ, एक सोपी वस्तू. बटाट्याचं सूप आणि मेणबत्ती. शिळ्या ब्रेडचं पुडिंग आणि कागदी फुलं. सासूबाई हाताला धरून शिकवतात, म्हणजे खरोखरच हाताला धरून. शिकणारीच्या मागे उभं राहायचं, तिच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि पातेलं ढवळायचं. मी मात्र त्या वर्गात कधी बसले नाही. घरातच एवढं ऐकून घ्यावं लागतं, आणखी चारचौघांत कशाला?

आणि मग या उन्हाळ्यात सगळं बिनसलं.

पहिल्यांदा सूपला फेस आला. रविवारचा वर्ग, सगळ्यांपुढे वाट्या, आणि सासूबाईंनी वरून चीजचा कीस भुरभुरवला. चीजचा कसला, साबणाचा! आधी बुडबुडे आले, मग वाटीभर फेस. इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताई पहिला घोट घेऊन बसल्या होत्या. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळ्या हसल्या, सासूबाईही हसल्या, पण त्यांचं हसू मला नीटसं पटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी मेणबत्त्यांत लिंबाचा अर्क एवढा ओतला की बायका डोळे पुसत जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाई आत निवांत. "काय झालं गं सगळ्यांना?"

मग दूध करपलं. करपू दे, आमच्याकडे माझ्या हातून रोज काहीतरी करपतंच. पण मी खालच्या जिन्यात असताना मला वास आला, आणि धावत वर येते तो सासूबाई पातेल्यापासून हातभर अंतरावर उभ्या, बाहुलीला डोळे शिवत होत्या.

"आई, दूध!"

"अगंबाई!" त्या दचकल्या आणि पातेल्याकडे असं बघायला लागल्या की जणू ते त्यांना न सांगता आलं होतं.

माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक आहे. त्याला सगळीकडे अपघातच दिसतात. त्यानं रात्री जेवताना आईची परीक्षाच घेतली. आज वार कुठला, तारीख कुठली, वरच्या मजल्यावर कोण राहतं.

"वार मंगळवार," सासूबाई म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर तो घोरणारा मास्तर, आणि तू सहावीत गणितात नापास झाल्यावर माझी सही स्वतःच केलीस तोही मंगळवारच होता. आणखी काही विचारायचंय?"

मी हसून हसून बेजार. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण माझं डोकं त्या दिवसापासून जे चक्रावलं ते चक्रावलंच. विसरतात म्हणावं तर या बाईला माझ्या लग्नात कोण किती जेवलं हेसुद्धा पाठ. विसरत नाहीत म्हणावं तर साबण आणि चीज? मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी चुकतंय. कदाचित मीच डबे हलवले असतील. खरं सांगते, मी गुपचूप सगळी फळी तपासली. सगळे डबे जिथल्या तिथे होते, म्हणजे चुकीच्या जागी, पण नेहमीच्या.

शेवटी गॅसचं झालं. नवरा दुपारी लवकर घरी आला, तर दारातच गॅसचा भपका. शेगडी चालू, ज्योत विझलेली, खिडक्या बंद, आणि सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून कागदी फुलांच्या पाकळ्या कातरताहेत. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथे त्याचा फोन आला. आवाज कापत होता. माझं तर धाबंच दणाणलं. घरी पोचले तेव्हा त्यानं सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात कुलूपबंद केला होता, आणि कामावरून आणलेली पाटी ओट्यावर उभी केली होती: 'दुरुस्तीसाठी बंद. वापरू नये.'

"तू आता ओट्याशी जायचं नाही, आई. वर्गही बंद. तुला लक्षात राहत नाही."

सासूबाई भांडतील असं मला वाटलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "असेल बाबा," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. ज्या बाईनं नवऱ्यामागे याच ओट्याच्या जिवावर घर हसतंखेळतं ठेवलं, ती 'असेल बाबा' म्हणते? मला नवऱ्याचा राग आला, त्याचं बरोबर होतं म्हणून आणखीच आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कामाला लावलं. सगळ्या डब्यांना कागद चिकटव, म्हणजे निदान घरात गोंधळ नको. मी सासूबाईंनाच शेजारी बसवलं. म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. त्या एकेक डबा उघडायच्या, नाकाशी न्यायच्या, थांबायच्या, आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या.

आता हे बघणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. ज्यांना खालची ओळ दिसत नसते, ती माणसं 'दिसत नाही' असं कधी म्हणत नाहीत. अंदाजानं एखादं अक्षर ठोकतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात, बरोबर आलं का म्हणून. मी जरा हसले की त्यांना धीर येतो.

माझ्या मनात काय आलं कोण जाणे. खळीचा डबा होता, चार दिवसांची खळ, आंबून असा वास मारत होती की कुणीही नाक धरून पळावं. पण मी तोंड वाकडं केलं नाही. उलट डोळे मिटून, अहाहा, केकच्या दुकानापुढून जाताना करतो तसं तोंड केलं.

सासूबाईंनी डबा नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं. "हं, व्हॅनिला," त्या म्हणाल्या. "छान दरवळतोय."

हातातला कागद माझ्या बोटांनाच चिकटून राहिला.

"आई, तुम्हाला वास येत नाही."

त्यांनी झाकण लावलं. परत उघडलं. परत लावलं.

"कधीपासून?"

"थंडी सरताना ताप आला होता ना, त्यानंतर." मग एकदम भडाभडा बोलायला लागल्या. "आधी वाटलं, वाणी भेसळीचा माल देतोय. दोनदा भांडून आले त्याच्याशी. मग वाटलं, हल्ली कशालाच वास नसतो. मग तुम्ही सगळे नाक धरून पळायला लागलात. तेव्हा मात्र माझं डोकंच चालेना. हा म्हणाला, तू विसरतेस. मला वाटलं, खरंच असेल बाई. माणूस नावं विसरतं, तशी मी वास विसरले असेन. मला काय माहीत, कसं असतं ते?"

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे इतकी वर्षं त्या डब्यांकडे बघतही नव्हत्या, नाकानं वाचत होत्या! आणि आम्ही डोक्याचे डॉक्टर शोधत बसलो होतो.

नाक-कान-घशाचे डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं कधीकधी. वास परत येईल किंवा येणारही नाही. त्यांनाही नक्की ठाऊक नाही म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं, गोंधळलेली मी एकटी नाही म्हणून. नवरा मात्र तिथेच खुर्चीत रडला. आईचं डोकं शाबूत आहे म्हणून रडला, आणि घरी येताना रिक्षात पुन्हा तेच, "पण गॅस तर नाहीच." आणि यावेळी मलाही ते पटलं. ज्याला वास येत नाही त्यानं गॅसशी उभं राहायचं कसं?

त्यानंच मग विजेची शेगडी आणली. तिला ज्योत नाही, भपका नाही, पातेलं उचललं की आपोआप बंद. पाटी परत कामावर गेली. मी इमारतीत सांगून आले, रविवारी वर्ग आहे, कांद्याचं सूप आणि कापडी फुलं. सगळं मार्गी लागलं म्हणून मी खुशीत होते.

रविवारी सकाळी बायका येऊन बसल्या. शिवणाच्या ताई तर आपल्या जावेला घेऊन आल्या होत्या. आणि सासूबाई खोलीबाहेर येईनात.

मी आत गेले. दाराकडे पाठ करून बसल्या होत्या.

"अहो आई, चला ना. सगळ्या खोळंबल्यात."

"नको वर्ग. सांग त्यांना."

"का पण? शेगडी आहे, मी शेजारी उभी राहते. काही करपलं तर माझं नाक आहे की."

"तू जा बाई."

आता माझाही पारा चढला. "हे बरं आहे! चुलीसाठी जीव टाकत होता, चूल आणून दिली तर रुसून बसलात. तुमच्या मनात आहे तरी काय? मला सरळ सांगा, मला असली कोडी सुटत नाहीत."

त्या माझ्यापासून जरा लांब सरकल्या. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या अंगाला वास येतो का गं?"

मला कळलंच नाही. "काय?"

"मला कळत नाही ना. येत असेल तर मला कळणारच नाही. त्या बायकांना मी जवळ घेऊन शिकवते. त्या बिचाऱ्या तोंडावर बोलणार नाहीत. मुलगा लाजेल. लेक असती तर तिनं माझं मन राखलं असतं." त्या वळल्या. "तू सून आहेस. तू सांगशील खरं."

एवढे दिवस ही बाई कुणाच्या जवळ बसायलाही घाबरत होती, आणि मी लेबलं चिकटवत होते.

मी त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या इतकी जवळ कधी गेले नव्हते. त्यांच्या मानेशी नाक नेलं आणि चांगला श्वास घेतला. त्या अंग चोरून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या.

"येतो," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला.

"साबणाचा येतो. थोडा कांद्याचा, सकाळी चिरून ठेवलात तो. आणि उकडतंय म्हणून घामाचा."

"घामाचा?"

"थोडासा. माझ्या अंगालाही येत असेल एवढा. घाण नाही, आई. तुमच्याजवळ बसावंसं वाटतं असाच आहे."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी काही मुद्दाम केलं नाही, हसलेही नाही, जशी होते तशी बसले.

"घामाचा येतो म्हणालीस म्हणून बाकीचं खरं धरते," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "चटकन अंगावर पाणी घेऊन येते. बायकांना म्हणावं, हात धुऊन तयार राहा. आणि आज तूही बस वर्गात, तुला अजून कांदा परतता येत नाही."