निवडताना टाकलेली काडी

नांदुऱ्याच्या बाजारात आधी अंबूबाईचा आवाज यायचा आणि मागून तिची टोपली. "मेथी घ्या वं मेथी! आत्ताच उपटली, तिले अजून मालूम बी नाही!" हे ऐकून भांडून निघालेलं माणूससुद्धा हसायचं. पण लेक गेली आणि तो आवाज बसला तो बसलाच. आता ती टोपली पुढ्यात घेऊन मुकाट बसायची. ज्याला हवं त्यानं उचलावं.

बना तिची एकुलती. बीबी गावात दिलेली. दिवाळी करून सासरी निघाली, एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "येतो, माय." पंधरा दिवसांत तापानं गेली. अंबूबाई पोचली तेव्हा राखही निवली होती. फोटो कधी काढलेला नव्हता. उरले ते एवढे दोन शब्द.

मुलींच्या शाळेतल्या सुलभाबाई गोष्टी लिहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी देता देता अंबूबाईनं बना सांगितली. रोज थोडी थोडी. एक दिवस बाईंनी वहीतून सगळं वाचून दाखवलं. "येतो, माय" आलं तशी अंबूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"बाई, हे पुसू नका कधी."

"नाही पुसणार."

सन बासष्ट उजाडलं. पुण्याच्या एका संस्थेनं लेखनवृत्तीसाठी अख्ख्या राज्यातून पाच लेखक निवडले. चौघांच्या नावावर पुस्तकं होती, पाचव्या आपल्या सुलभाबाई. वर्षभर पुण्यात राहायचं आणि फक्त लिहायचं.

"पाच जनं निवडले म्हंते," शेजारच्या सत्यभामाबाईनं बातमी आणली.

"निवडले? मेथीवानी?"

"मंग! पानं ठेवले, काड्या फेकल्या."

कित्येक महिन्यांनी अंबूबाई हसली.

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. धुतलं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली. निवडीसाठी पाठवलेली बनाची गोष्ट संस्थेच्या मासिकात छापून आली होती, बाई त्यातून वाचू लागल्या. मळा आला, टोपली आली, एसटी आली. अंबूबाईनं सत्यभामाबाईचं मनगट घट्ट धरलं. "आता बोलते पाह्य मही बना."

"'येते, आई,' ती म्हणाली," बाईंनी वाचलं.

मनगटावरची पकड सुटली.

"ही कोन पोरगी वं?"

"काय विचारतं? तुहीच बना नाही का!"

"नाही. ही कोन्या मास्तराघरची दिसते." आणि टाळ्या पडायच्या आत ती उठून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सुलभाबाई स्वतः मळ्यात आल्या. त्यांची पुण्याची गाडी संध्याकाळची होती. अंबूबाई मेथी निवडत होती.

"राग आला?"

"रागाचं काय, बाई. फकस्त सांगा, बनाले काऊन बदललं?"

"पुण्याहून पत्र आलं होतं. बाईच्या तोंडी 'येतो' ही चूक आहे, सुधारा, म्हणून."

"इथं साऱ्याच बाया येतो म्हंतात. तुमी नाही म्हनत?"

"म्हणतो," बाई खाली बघत म्हणाल्या.

"दावा मले, कुठं हाय."

बाईंनी मासिक उघडून बोट ठेवलं. "हे 'येते'. इथं काना दिला की 'येतो' होतं. ही अशी उभी रेघ."

"काडी."

"हो. काडीच."

"येवढीशी!" अंबूबाई त्या जागेकडे बघतच राहिली. "येवढीशी काडी निवडून फेकली?"

बाईंनी पेन पुढे केलं. तिनं ते खुरपं धरावं तसं मुठीत धरलं आणि दाबून रेघ ओढली. वाकडी गेली, खालच्या ओळीत घुसली.

"वाचा आता."

"'येतो,'" बाईंनी वाचलं, "'आई.'"

"आई नाही वं, माय. त्याले किती काड्या लागतीन?"

"ते काडीनं नाही होत, अंबूबाई. खोडावं लागेल."

"अन् बाकीच्या पुस्तकायत?"

"तिथं छापलं तेच राहील."

"मंग ऱ्हाऊ द्या. आता अजून पुसापुशी नको." तिनं मासिक मिटून मांडीखाली सारलं आणि पुन्हा जुडी ओढली.

बाई निघाल्या. कुंपणापाशी पोचल्यावर सवयीनं म्हणाल्या, "येतो, अंबूबाई."

अंबूबाईचे हात थांबले. तिनं डोळे मिटले.

"बाई, अजून एकडाव म्हना."