सेक्रेटरींचा स्वे

सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःवर फार खूश असत. दादर सोडून खाडी ओलांडली ती आम्हा बाकीच्यांवर उपकार करायलाच, असा त्यांचा समज होता. नळाला पाणी आलं की म्हणत, मी फोन केला होता. नाही आलं तर त्या दिवशी दिसतच नसत.

मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून एका रविवारी ते आमच्याकडे आले. पाण्याची लाइन वाढवून मिळावी यासाठी महापालिकेचे एक साहेब इमारत बघायला येणार होते. त्यांच्यापुढे ‘माझं इथं वजन आहे’ हे इंग्रजीत म्हणायचं होतं. मी ‘इन्फ्लुअन्स’ सुचवला. तो कोणीही वापरतं, म्हणाले. मग मी डिक्शनरीतून ‘स्वे’ काढून दिला आणि शिक्षकी खोड म्हणून त्याची कुळकथाही सांगितली. आधी नुसतं खाली जाणं, कलणं. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीत वाकवणं. मग वाऱ्यावर झाड डुलतं ते डुलणं, आणि त्यानंतर कुठे सत्ता, वचक. लोक अजून डुलण्याचाच अर्थ आधी घेतात, जपून वापरा, असं बजावलंही. त्यांनी तेवढा वचक उचलला आणि गेले.

साहेब आले. हार घालून झाल्यावर सेक्रेटरी छाती फुगवून म्हणाले, “सर, आय हॅव स्वे इन धिस बिल्डिंग.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “कधीपासून?”

“पहिल्यापासून. वरच्या मजल्यावर तर जास्तच.”

वरच्या मजल्यावर ते स्वतः राहत. साहेबांनी मान वर करून इमारत न्याहाळली आणि सोबतच्या माणसाला काहीतरी टिपून घ्यायला सांगितलं. जमलेल्या सभासदांपैकी एकालाही काही खटकलं नाही. सगळे सेक्रेटरींच्या इंग्रजीवर माना डोलवत होते. मला कळलं होतं. मी गप्प राहिले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पाण्याची लाइन आली नाही, इंजिनिअर आला. बिल्डिंग हलते अशी तक्रार आहे, म्हणाला. हलत काही नव्हती. पण वरच्या मजल्यावर सेक्रेटरींनी गॅलरी पुढे काढून, विटांनी बंद करून तिची खोली केली होती, ती त्याला सापडली. सेक्रेटरी चहा घ्या, सरबत घ्या करत जिनाभर त्याच्या मागे उतरले. त्याने चहा घेतला, सरबत घेतलं आणि नोटीस दिली.

खोली पाडावी लागली. शेजारी खाली उभे राहून हळहळले आणि घरी जाऊन पोट धरून हसले. त्यातल्या निम्म्यांनी आपापल्या बंद गॅलऱ्यांवर घाईघाईने चादरी वाळत घातल्या होत्या.

सेक्रेटरी मला म्हणाले, “तुमच्या शब्दाने घात केला.”

“अर्थ सांगितले होते तुम्हाला,” मी म्हटलं.

“एवढे अर्थ असलेला शब्द द्यायचाच कशाला माणसाला?”

पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही. फुकटचं काम कोणाला हवं होतं? बिनविरोध निवडून आल्याचे त्यांनी पेढे वाटले. सगळ्यांनी दोन-दोन उचलले आणि टँकर आल्यावर बादल्या घेऊन खाली धावले.