सोफ्यातली मालकीण

वारं असं बोचरं सुटलं होतं की शटर वर करताना मामाची बोटं आखडली. आत पालथा घातलेला सोफा वाट बघत होता. मामानं मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले आणि कामाला लागला. सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणारा हा गडी सगळ्या गल्लीचा मामा. अर्धा दिवस तोंडात खिळे, त्यामुळे बोलणं नाकातून. कव्हरं शिवायला थोरली बहीण. तिची जीभ मात्र सदा मोकळी.

तिसरी मालकीण, म्हणजे दुकानातली मांजर. वय चौदा. पालथ्या सोफ्याच्या पोटात शिरून झोपायचं, हा तिचा हक्कच. म्हणून तळाचं कापड ठोकण्याआधी मामा खिळ्यांचा डबा खुळखुळवायचा. बाईसाहेब आळस देत बाहेर यायच्या, मग ठोकाठोकी.

पण पंधरा दिवस झाले, डबा वाजला तरी बाई ढिम्म. मामाचा ठाम समज, ती रुसलीय. तिची लाडकी खुर्ची त्यानं विकून टाकली होती ना! मग रोज मासळीचा तुकडा आणि मनधरणी. "चुकलं बाई माझं. आता सोड की राग."

"बायकोची नाही केलीस कधी एवढी मनधरणी," बहीण म्हणायची.

"ती रुसली तरी बोलते गं, ताई."

त्या सकाळीही डबा वाजला, कुणी आलं नाही. बसली असेल कुठंतरी फुगून, असं म्हणत मामानं कापड ठोकून टाकलं. अकराला शाळेतल्या बाई सोफा न्यायला आल्या. टेंपोवाल्यानं एक टोक उचललं, सोफा कलला, आणि त्याच्या पोटातून अशी आरोळी उठली की टेंपोवाल्याच्या हातून तो सुटायचाच बाकी.

"अहो मामा, यात स्पीकर पण बसवलाय का?" शाळेतल्या बाई म्हणाल्या.

मामाला कुठलं हसू! त्यानं ठोकलेलं कापड टराटरा फाडलं. मालकीण बाहेर आली, अंग ताणलं आणि निवांत पंजा चाटत बसली. मामानंच जमिनीवर बसकण मारली.

दोघांनी तिला तशीच जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवल्या, किल्ल्या वाजवल्या. मालकिणीचा कानसुद्धा हलला नाही.

"रुसली नाही हो, बहिरी झालीय. म्हातारपण. रस्त्यावर सोडू नका, मागून जाऊन एकदम उचलू नका."

"म्हणजे माझी मासळी फुकट गेली?"

"तिला विचारा," डॉक्टरीणबाई हसल्या.

दुकानात परत येताच ताईनं फर्मान काढलं. "आजपासून ती घरी. तिसरा मजला, दार बंद, जिवाला घोर नाही."

मामाला ते पटेना. मागं एकदा तिला घरी नेलं होतं, तर तीन दिवस अन्नाला न शिवता दाराशी बसून राहिली होती. आता या वयात ते कसं सोसणार? पण पुन्हा कधी आत ठोकली गेली तर? हातोड्याच्या दणक्यांत तिनं जन्म काढलेला, त्यानं तिची पापणीही हलत नव्हती. मग सकाळी ती जागी झाली कशानं?

"ताई, सोफा कलला म्हणून उठली ती!"

"मग दाखव. माझ्या डोळ्यांदेखत."

मालकीण रस्त्यावर जाऊ नये म्हणून मामानं आधी दुकानाच्या दारात आडवी फळी लावली. दुपारी दुसरा सोफा पालथा घातला, तशी मालकीण आत शिरून घोरायला लागली. ताई कमरेवर हात ठेवून उभी. मामानं सोफ्याची एक बाजू धरून हलकेच झुलवली, पाळण्यासारखी. एकदा, दोनदा. तिसऱ्या झोक्याला आतून शिवीगाळ केल्यासारखं ओरडत मालकीण बाहेर आली.

"केवढ्यानं ओरडते ही!"

"स्वतःचं तरी कुठं ऐकू येतं तिला?"

ताईला हसू आवरेना. "बरं, राहू दे इथंच. पण झोका दिल्यावर हात घालून कोपरान् कोपरा चाचपायचा. विसरलास तर तुलाच आत घालून शिवीन."

मामानं खांद्यापर्यंत हात घातला, चारही कोपरे चाचपले. मग कापडाची कड ओढून ताणली आणि पहिला खिळा ठोकला.