चौथी रिव्हेट

पुण्याहून मुंबईकडं जाणाऱ्या रस्त्याला, चिंचवडच्या फाट्याजवळ, सोनबा मिस्तरीचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यावर नावाची पाटी नव्हती, पण कुणाला विचारायची पाळी यायची नाही. जुनी जर्मन गाडी घ्यायची म्हटलं की चऱ्होली-देहूचाच काय, पुण्याचा माणूसही आधी ती सोनबाला दाखवायचा. सोनबा गाडीभोवती फिरायचा, बॉनेट उघडायचा, गोणपाट टाकून खाली निजायचा. मग एक तर हात पुसत "न्हाई, राहू द्या" म्हणायचा, नाही तर कोनाड्यातला भंडारा घेऊन बॉनेटवर बोट ओढायचा. भंडारा लागला की पुढं शंका काढायची नाही. आकुर्डीच्या माळावर खंडोबाचं देऊळ आहे, तिथून दर रविवारी तो हा भंडारा आणायचा. देवाची वस्तू खोट्याला लावायची नाही, एवढाच त्याचा नेम.

ही नजर त्याला एकाच गाडीनं दिली. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा तो पुण्याच्या लष्कर भागात एका गॅरेजात गाड्या धुवायला होता. एका साखर कारखान्यावरच्या जर्मन इंजिनिअरला इंग्रज सरकारनं धरून नेलं, आणि त्याची मर्सिडीज नानासाहेब वकिलांनी लिलावात घेतली. गाडी त्याच गॅरेजात आली, पण जर्मनीहून साधा वायसर यायची सोय नव्हती. होतं तेच उघडायचं, घासायचं, परत बसवायचं. असं करता करता सोनबाला त्या गाडीची नस न् नस कळली. कंपनीच्या ओतीव लोखंडाची कड बोटाला कशी लागते, डायनामोवरची अक्षरं कशी उठलेली असतात, दाराच्या बिजागरीत मूळ रंग कसा टिकून राहतो, काचेच्या कोपऱ्यातला शिक्का कसा असतो. लढाई संपल्यावर त्याच गाडीच्या नवनव्या तऱ्हा रस्त्यावर आल्या. कुणाची स्टेपनी पाठीवर, कुणाची डिकीत. कुणाचा गिअरचा दांडा खाली, कुणाचा स्टिअरिंगला. काही मात्र लढाईआधीच्या आणि नंतरच्या अगदी जुळ्या बहिणींसारख्या. त्याही सोनबा वेगळ्या काढायचा.

त्याची धाकटी बहीण गोजा तळेगावच्या अंगाला दिलेली. तिचा नवरा दौलतराव, त्याचं काम सुटलं तसं दोघं चिंचवडला आली. सोनबानं मेहुण्याला गॅरेजात घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली. आता घरच्या जावयाला शिकवायचं म्हणजे पंचाईत. पान्हा मागायचा तरी "दाजी, जरा पान्हा देता का?" म्हणावं लागे. सोनबाची बायको मंजुळाबाई हसायची.

"अवो, हाताखाली माणूस ठेवलाय का व्याही बोलावलाय?"

"गप की. गोजाचं कुंकू हाय ते," सोनबा म्हणायचा.

दौलतराव हुशार. एकदा सांगितलेलं विसरायचा नाही, आणि विचारायचाही पुष्कळ. सोनबाला त्याचं कौतुक वाटे. आपल्याला मूलबाळ नाही, विद्या घरात तरी राहील, म्हणून त्यानं हातचं राखून काही ठेवलं नाही. बॉनेटखाली कंपनीची जी पाटी असते, जिच्यावर गाडीचा नंबर आणि जात असते, ती कशी पारखायची तेही सांगितलं. "दाजी, हे ध्यानात धरा. पाटी चार रिव्हेटींवर असती. तीन पांढऱ्या, आन खालची उजवी पितळंची. जर्मन मानूस उगंच एक पिवळी मारायचा न्हाई. ती कंपनीची खूण."

हे सोनबा नानासाहेबांच्या गाडीवरून शिकला होता. आणि हे चूक होतं. पुढं आणखी गाड्या हाताखालून गेल्या, त्यांच्या चारही रिव्हेटी पांढऱ्या निघाल्या, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. नानासाहेबांच्या गाडीची एक रिव्हेट कधी तरी पडली असणार, आणि इथल्याच कुणा कासारानं पितळेची ठोकली असणार. सोनबाला स्वतःचंच हसू आलं आणि लाजही वाटली. तोवर दौलतरावानं कासारवाडीला स्वतःचं गॅरेज काढलं होतं. शिकवलेलं मागं कसं घ्यायचं, म्हणून सोनबा बोलला नाही. इतकी बारीक गोष्ट, तिनं कुणाचं काय अडणार?

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता त्या सुमाराची गोष्ट. चऱ्होलीचे उद्धवराव बांधकामांना खडी पुरवायचे. त्यांची लेक मुंबईला दिलेली, पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि लेकीला स्वतःच्या गाडीतून घाट चढवून आणायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. दौलतरावानं त्यांना गाडी दाखवली. मुंबईच्या कुणा शेठची मर्सिडीज, पन्नास सालची, म्हणे. उद्धवराव म्हणाले, "गाडी ग्वाड हाय. पर सोनबानं भंडारा लावला तरच घेणार."

ज्या दिवशी गाडी यायची, त्या दिवशी सकाळीच गोजा परसातल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. बसली, चहा प्याली आणि उठता उठता म्हणाली, "दादा, आज ह्यांनी जमवलेली गाडी यायची हाय. जरा चांगल्या नजरंनं बघ."

"नजर चांगली न् वाईट असती व्हय? हाय ते दिसतं," सोनबा हसत म्हणाला.

गोजा हसली नाही. पण ती तशी सकाळची घाईतच असायची.

गाडी आली. काळी, तुकतुकीत. उद्धवराव धोतराचा सोगा सावरत उतरले. दौलतराव कोपऱ्यात हात बांधून उभा राहिला, जसा काही आपला संबंधच नाही. सोनबानं दाराची बिजागरी बघितली. आत मूळ रंग. काचेचा शिक्का बरोबर. डायनामोची अक्षरं बरोबर. ओतीव कडेवर बोट फिरवलं, तीही बरोबर. आजवर असं कधी झालं नव्हतं. जुन्या गाडीला कुठं तरी खोट असतेच, माणसाला असते तशी. इथं जिथं जिथं हात जायचा तिथं तिथं जणू कुणी आधीच पुसून-सारवून ठेवलं होतं.

मग त्यानं पाटी बघितली. तीन रिव्हेटी पांढऱ्या. खालची उजवी पितळेची.

असली रिव्हेट दुनियेत एकाच गाडीला होती, आणि ती नानासाहेबांच्या बंगल्यात उभी होती. दुसऱ्या कुणी मुद्दाम मारली असेल, तर ती खूण आहे असं ज्याला सोनबानं सांगितलं होतं त्यानंच. म्हणजे पाटी दुसऱ्या गाडीची. म्हणजे बिजागरीतला रंग, काच, डायनामो, सगळं वेचून आणून बसवलेलं. आणि उद्धवरावांना फसवायला एवढा खटाटोप कशाला लागतो? त्यांना तर कार्बुरेटर कुठला आणि फिल्टर कुठला, ते ठाऊक नव्हतं. ही गाडी सोनबाला फसवायला केली होती. त्याचा हात कुठं कुठं जातो, ते मोजून.

तो गोणपाट घेऊन खाली शिरला. आता तो स्वतः बघायचा तिथं बघायचंच नव्हतं, दाजी लपवतील तिथं बघायचं होतं. या गाडीची चेसिस गोल नळ्यांची, मधोमध फुलीसारखी जोडलेली असते. ती मजबूत, म्हणून सोनबा तिच्यावर वरवर नजर टाकायचा. त्यानं फुलीच्या मागच्या फाट्यावरचं डांबर पटाशीनं खरवडलं. खाली वेल्डिंगची ओबडधोबड शिवण निघाली. नळी कधी तरी पार तुटून दोन झाली होती.

तो बाहेर आला. उद्धवरावांनी कोनाड्याकडं बघितलं.

"लावायचा ना भंडारा?"

"न्हाई, राहू द्या."

"का रं? काय झालं?"

"पाटी मागनं बसवलीया. ही पितळंची रिव्हेट कंपनीची न्हाई."

तोवर गप्प उभ्या दौलतरावाच्या तोंडातून निघून गेलं, "असं कसं दादा? तुमीच तर सांगितलंवतं, अस्सल पाटीला एक पितळंची असतीच!"

सोनबानं मेहुण्याकडं बघितलं, पहिल्यांदाच नाव-नातं बाजूला ठेवून.

"व्हय, सांगितलंवतं. ते माझं चुकलंवतं. पर ते तुमच्याबिगार कुणालाच सांगितलं नव्हतं, दाजी."

उद्धवराव एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. सोनबानं त्यांना खाली वाकवून वेल्डिंग दाखवलं. "लेक घाटात बसायची हाय तुमची. म्हणून बोललो." उद्धवरावांचा चेहरा उतरला. ते दौलतरावाला म्हणाले, "पाव्हणं, आमच्या लेकीच्या जिवावर उठला व्हता की!" आणि रस्त्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभे राहिले. दौलतराव गाडीत बसला, दार आपटलं आणि कासारवाडीकडं गेला.

दुपारी गोजा आली. सकाळच्याच लुगड्यात, पण डोळे सुजलेले. मंजुळाबाई पाणी आणायला आत गेली.

"दादा, चारचौघांत काढायचं व्हतं व्हय? घरात सांगितलं असतंस."

सोनबानं विचारलं, "गोजा, तुला ठावं व्हतं?"

ती खाली बसली.

"ठावं व्हतं. हे म्हणत व्हते, दादांना कळायचंच न्हाई. मी म्हणलं, कळंल. दादाला कळल्याबिगार राहायचं न्हाई. पर कळलं तरी माझ्याकडं बघून बोलायचा न्हाई."

मेहुण्यानं त्याला आंधळा समजलं होतं. ते त्यानं कधी तरी गिळूनही टाकलं असतं. पण पाठची बहीण, जिला त्यानं खांद्यावर बसवून मोरया गोसावीच्या जत्रेत फिरवलं, तिनं त्याला खोटा समजलं होतं. देवाचा भंडारा तो तिच्यासाठी खोट्या गाडीला लावेल, हे धरूनच ती सकाळी शेंगा घेऊन आली होती.

"आन ती उद्धवरावांची पोटुशी पोरगी?" तो म्हणाला.

"ती माझी कोण लागती?" गोजा रडत म्हणाली. "मला माझं घर नगं का बघाया?"

मंजुळाबाई पाणी घेऊन आली तेव्हा ती गेली होती.

त्या दिवसांत भावकीनं त्याला बोल लावले. घरच्या जावयाला रस्त्यावर आणलं, भंडाऱ्याच्या एका बोटानं काम झालं असतं, काय बिघडत होतं? सोनबा रविवारी आकुर्डीला जायचा, देवापुढं उभा राहायचा, आणि हात जोडल्यावर मागायचं काय ते त्याला सुचायचं नाही. उद्धवरावांनी पुढं दुसरी गाडी घेतली. दौलतरावानं ती काळी गाडी मोडून सुटी सुटी विकली.

दिवाळी आली. मंजुळाबाई म्हणाली, "औंदा नका जाऊ." सोनबानं टोपी घातली आणि भाऊबीजेला कासारवाडीला गेला. भाऊ असून बहिणीचा पाट रिकामा ठेवायचा, हे त्याला जमलं नाही.

गोजानं पाट मांडला. कुंकू लावलं, तांदूळ लावले, ओवाळलं. सगळं केलं, फक्त वर बघितलं नाही.

दौलतराव आतून आला. चूळ भरून, नवा सदरा घालून, हसतमुख. शेजारी उकिडवा बसला आणि पूर्वी विचारायचा त्याच गोडीनं म्हणाला, "दादा, झालं गेलं जाऊ द्या. पर एक सांगा. डांबराखालची ती जागा तुमाला घावली कशी?"

गोजाचा हात थांबला. सोनबानं दाजीच्या तोंडाकडं बघितलं. तिथं लाज नव्हती, राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानं ओवाळणी ताटात ठेवली.

"येतो गोजा," म्हणाला, आणि जेवायला न थांबता उंबरा ओलांडून रस्त्याला लागला.