रविवारी पाणी नको

माझा धाकटा भाऊ सुमंत नेमकं काय काम करतो, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. राजाजीनगरात आमच्या गल्लीत कुणी विचारलं की मी ‘कंप्युटरचं’ म्हणून मोकळी व्हायचे. एकदा त्याला ताटावरच अडवलं, समजावून सांगितल्याशिवाय भात वाढणार नाही म्हटलं. तो म्हणाला, लोकांना काय पाहिजे ते एकजण विचारतो, ते दिसेल कसं हे दुसरा ठरवतो आणि तिसरा ते बनवतो. त्याला ही तिन्ही कामं एकट्यानं करायची होती. मी म्हटलं, अय्यो, त्यात काय मोठं? बावीस वर्षं मी ब्लाउज शिवते. बाईला विचारते, खडूनं आखते, कापून शिवते. मला कुणी प्रॉडक्ट मॅनेजर म्हटलं नाही. तो ठसका लागेपर्यंत हसला. आई तेव्हा बोलत होती, तीही हसली.

तशी नोकरी त्याला मिळत नव्हती. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांनी सांगितलेलं तेवढं लिहून द्यायचं, एवढंच काम. मुलाखतीला गेला की एकच प्रश्न: तुम्ही स्वतः विचारून, स्वतः आखून, स्वतः बनवलेलं काहीतरी दाखवा. दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

मग संक्रांतीच्या आधी आईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आमची आई भागीरथीबाई म्हणजे भाजीवाल्याशी कन्नडात भांडून घरात येईपर्यंत तेच भांडण मराठीत पुन्हा सांगणारी बाई. तिचं तोंड बंद झालं, हे मला आजही सहन होत नाही.

सुमंत तिचं शेंडेफळ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, तिचा जीव की प्राण. तो कंपनीकडेच भाड्याच्या घरात राहायचा आणि रविवारी यायचा. मधल्या दिवसांत फोन करायचा, मी तो आईच्या कानाला लावायचे. पण पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो म्हटल्यावर त्याला भडभडून यायचं. हळूहळू तो फोनवर माझ्याशीच बोलायला लागला. आई कशी आहे, जेवली का, बरं, सरी, ठेवतो.

एका रविवारी त्यानं तिच्यासाठी टॅब आणला. त्यावर सहा चित्रं होती: पाणी, कॉफी, पंखा, दुखतंय, संडास, बाहेर बसायचंय. चित्रावर बोट ठेवलं की टॅब मोठ्यानं बोलायचा. मी बाहेरच्या खोलीत मशिनवर असते, आई आतल्या खोलीत. मला ऐकू जावं म्हणून ही सोय. पेल्याचं चित्र आमच्याच पेल्याचं काढलं होतं, त्याला आलेला पोचासुद्धा दाखवला होता. आवाज त्याचा स्वतःचा. स्वयंपाकघराचं दार लावून त्यानं तो भरला: “अक्का, स्वल्प पाणी दे गं.”

आईला ते जमलं. नको इतकं जमलं. सकाळपासून पाणी, पाणी, पाणी. मी मशीन थांबवून पेला भरून न्यायचे, तर ती ओठ मिटून घ्यायची आणि डाव्या अर्ध्या तोंडानं हसायची. मी पाठ फिरवली की पुन्हा “अक्का, स्वल्प पाणी दे गं.” लग्नसराई होती, बायका दारात उभ्या. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी सुमंतला फोन लावला.

“तुझं यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर आईचं डोकं तरी.”

हे वाक्य माझं. कुणावर ढकलू?

प्रत्येक वेळी बोट लागलं की त्या टॅबात नोंद होत होती. त्यानं पाहिलं, दिवसाला चाळीस वेळा. तो म्हणाला, चूक आईची नाही, माझीच आहे. बटण बाईचं आणि आवाज पुरुषाचा. शिवाय आई तुला अक्का म्हणेल का? हे आपलं बोलणं आहे असं तिला वाटतच नसणार, म्हणून ती गोंधळून पुन्हा पुन्हा दाबते. मला ते पटलं. पुढच्या रविवारी त्यानं एका बाईचा आवाज घातला. स्वच्छ, पुस्तकातला: मला पाणी हवे आहे. आमच्या घरात ‘हवे आहे’ कोण म्हणतं, असं मी विचारलंही. तो म्हणाला, स्पष्ट ऐकू येतं ना?

सोमवारी आईनं पाणी दाबलं. ऐकलं. पुन्हा दाबलं. मग एकेक करून सहाही चित्रं दाबली, प्रत्येकाला कान देऊन. मी दारात उभी राहून बघत होते. शेवटी तिनं डाव्या हातानं टॅब पायथ्याशी सारला. त्यानंतर खरी गरज असेल तेव्हाच, दिवसाला तीन-चार वेळा दाबायची. मी खूश झाले. देवा, मी खूश झाले.

सुमंतला दाखवायला वस्तू मिळाली. सर्जापूर रोडच्या एका कंपनीत त्यानं आलेख ठेवला: चाळीसवरून तीनवर. चूक कशी हेरली, कशी सुधारली. तिथल्या एकानं विचारलं म्हणे, सुरुवातीच्या आठवड्यांत रविवार रिकामे का? यानं सांगितलं, सुट्टीला घरात माणसं असतात, बटण लागत नाही. नोकरी मिळाली, तिन्ही कामं एकत्र. मी गल्लीत पेढे वाटले. आईच्या ओठालाही कण लावला.

श्रावणात आई गेली.

तेरावं झाल्यावर सुमंत टॅब न्यायला आला. मी म्हटलं, ज्यानं नोकरी दिली ते चित्र मला एकदा तरी दाखव. त्यानं दाखवलं. उंच उंच काड्या, आणि दर सहांनंतर एक जागा रिकामी. शिवणाऱ्या बाईला सुटलेला टाका आधी दिसतो. मी बोट ठेवून विचारलं, तर म्हणाला, ते रविवार.

“सुमंत, रविवारी तू घरी असायचास.”

त्यानं टॅब खाली ठेवला.

“तिला तहान नव्हती रे. तिला तुझा आवाज पाहिजे होता. तो आपण दोघांनी काढून घेतला.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लोकांना काय पाहिजे ते ओळखण्याचं ज्याचं काम, तो माझा भाऊ आईच्या कॉटवर आडवा झाला आणि उशीत तोंड खुपसून रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. त्याला फोन तर मीच लावला होता.

आता त्या कंपनीत नवीन माणसं आली की सुमंतला तोच आलेख दाखवायला लावतात. काम कसं करावं याचा नमुना म्हणून. त्यानं दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा जमलं नाही. परवा फोनवर सांगत होता, एका मुलीनं तोच प्रश्न विचारला, रविवार रिकामे का?

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

“त्या दिवशी मी घरी असायचो, म्हटलं. तिनं ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.”