एक दिवस उशीर

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी श्रीपूरला साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांच्या नोंदी करत होतो. खरं सांगतो, आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. हंगाम पंधरा दिवसांत संपणार होता, मग मी पुन्हा बेकार. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं कुंकू पुसलं गेलं होतं, आणि मी माझा विचार करत होतो... याची लाज अजून वाटते.

दाजी सोलापूरच्या सेवायोजन कार्यालयात कारकून होते. बेकारांची नावं नोंदवायची, कार्डं द्यायची, आणि ठरल्या तारखेला कार्डाचं नूतनीकरण झालं नाही तर नाव कापायचं, हे त्यांचं काम. नाव कापलं की ज्येष्ठता गेली, पुन्हा शेवटून सुरुवात. पूर्वी त्यांच्या खिडकीसमोर नुकती पदवी घेतलेली माझ्यासारखी पोरं असायची, थट्टामस्करी चालायची. दुष्काळाच्या वर्षांत रांग बदलली. खेड्यांतले शेतकरी आले, मग गिरणीतून कमी केलेले, कानशिलं पांढरी झालेले विणकर आले. रांग फाटकाबाहेर गेली आणि रांगेतलं बोलणं थांबलं. दाजी जेवताना म्हणायचे, ‘आज कालच्यापेक्षा जास्त हुते,’ आणि अर्ध्या ताटावरून उठायचे.

त्याच सुमारास मी अक्कलकोटकडे दुष्काळी कामावर हजेरी मांडायला गेलो होतो. तिथं आठवडा कळायचा तो बाजाराच्या दिवसावरून, तारीख कुणाला ठाऊक! धावतपळत कार्ड घेऊन खिडकीशी आलो, तर दाजींचा चेहराच उतरला.

‘तारीख काल हुती की रे आप्पा.’

‘एका दिवसानं काय होतंय, दाजी? मारा की शिक्का.’

त्यांनी माझं नाव कापलं आणि यादीत शेवटी नव्यानं घातलं. तीन वर्षांची ज्येष्ठता गेली, आणि सरकारी नोकरीचं वय उलटायला दीडच वर्ष उरलं होतं. संध्याकाळी आक्काच्या घरी मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, ‘काल एकाचं कापलं. गिरणीतला हाय, चार लेकरं हायत. त्याला बी एकच दिवस उशीर झालता. कालपासनं कचेरीसमोर झाडाखाली बसलाय. भांडत न्हाई, घरी जात न्हाई, निस्ता बघतोय... त्याच्या देखत तुझं कसं ठेवू? मला लई भ्या वाटतंय रे.’ मी त्यांना भित्रा म्हणालो आणि वर्षभर त्या घराची पायरी चढलो नाही.

पण तेव्हापासून दाजी कचेरी सुटली की सायकल काढायचे आणि ज्यांची तारीख जवळ आली त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. माझ्याही दारात, मी बोलत नव्हतो तरी. ‘उद्या तारीख हाय,’ एवढंच सांगायचे, पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. कुणी देवमाणूस म्हटलं की चिडायचे. ‘देव कशाचा? झोप लागत न्हाई म्हणून फिरतोय.’

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक माणूस आक्काकडे येऊन बसला. तोच, झाडाखालचा. नाव कापल्याचं त्यानं आपणच सांगितलं. मग म्हणाला, ‘साहेबांनी चार वर्सं एक तारीख चुकू दिली न्हाई. काम काय लागलं न्हाई, पण कार्ड जित्तं हाय.’ खिशातून कार्ड काढून त्यानं माझ्यापुढे धरलं. ‘मला वाचता येत न्हाई. कवा जायचं, सांगा की.’

कार्डावर त्याच दिवसाची तारीख होती. माझी दुसऱ्या दिवशीची, आणि मी विसरलो होतो! कचेरी बंद व्हायला तास उरला होता. सात रस्ता चौक ओलांडताना आम्ही दोघं जवळजवळ पळत होतो. दाजींच्या खुर्चीवर नवा कारकून होता. त्यानं मान वर न करता त्या माणसाच्या कार्डावर शिक्का मारला; माझ्या कार्डावर दुसऱ्या दिवशी. बाहेर आल्यावर त्या माणसानं विचारलं, ‘फुडच्या खेपेला कोन सांगनार ओ?’

मी त्याचा पत्ता लिहून घेतला. माझं वय तर केव्हाच उलटलं आहे, तरी कार्ड सोडवत नाही. दाजींना जाऊन पाच आठवडे झाले. पुढची तारीख अजून लांब आहे. तरी रोज उठल्याबरोबर मी आधी त्या माणसाची तारीख बघतो, मग माझी. आणि दुपारी पुन्हा एकदा बघतो.