हलका माल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण ज्याच्याबद्दल आहे तो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझा साडू. दिनकर, आंधळगावचा.

तुम्ही गिअरची सायकल चालवत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल — मागच्या दातेरी चकत्यांची कॅसेट, पायडलचा दांडा म्हणजे क्रँक, साखळी, हे हलक्या वजनाचे पार्ट घ्यायला दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी का? आमच्या भंडाऱ्याच्या ग्रुपमधले नवे लोक मला विचारतात. मी जुना, वयानं मोठा, म्हणून. मी म्हणतो, ज्याचं त्यानं ठरवावं बुवा. असं बोललं की माणूस शहाणा दिसतो. खरं म्हणजे तो प्रश्नच मला सहन होत नाही.

साडू-साडूंचं तुम्हाला ठाऊक असेल. अड्याळला सासरी दोघे जावई एका पंगतीत बसले की उघड कोणी काही बोलत नाही, पण तोलणं चालूच असतं. मी थोरला, पगारी. दिनकर धानाची शेती करणारा आणि दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचणारा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला लागली की त्याला बोलावणी यायची. तो उडी मारूनच लोकांपुढे यायचा — तेवढ्या एका उडीसाठी माणसं थंडीत बसून राहायची. सायकलचा नाद त्याला मीच लावला. आणि गायमुखाच्या चढणीवर दर रविवारी तो मलाच मागे टाकायचा. जड लोखंडी क्रँकवर! वर झाडाखाली बसून राहायचा, मी धापा टाकत पोचलो की म्हणायचा, “या साडभाऊ! मी तं समजलो तुमी घरी वापस गेले.”

म्हणून मी हलके पार्ट बसवले. काय फरक पडला? काहीच नाही. भरलेल्या पाण्याच्या बाटलीएवढंही वजन कमी झालं नव्हतं, आणि माझं पोट होतं तिथंच होतं. पहिल्याच चढणीवर मला हे कळलं. पण अड्याळला मी आधीच सांगून बसलो होतो, सायकल आता हवेत चालते म्हणून. ते परत कसं घेणार? दिनकर सगळ्यांदेखत म्हणाला, “त्यापेक्षा चढाच्या आधी झाडामागं जाऊन येत जा न साडभाऊ. तेवढंच वजन कमी होते, अन् फुकटात.” सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, तेसुद्धा हसले.

त्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागलो. तूही बसव, फरक बघ, माझ्यावर विश्वास ठेव. का? त्यानंही तेवढाच खर्च केला तर माझा मूर्खपणा एकट्याचा राहणार नव्हता — दुसरं कारण नाही. तो म्हणायचा, “हलका माल महाग काहून असते जी? आमच्याकडं तं हलका माल सस्ता भेटते.” मी त्याला समजावत राहिलो. शेवटी त्यानं माझ्याच हातून नागपूरवरून कॅसेट आणि साखळी मागवली. बसवायलाही मीच गेलो, त्याच्या अंगणात.

या पातळ साखळीचं एक असतं. लहानपणी आपण निघालेली पिन दगडानं ठोकून परत बसवायचो, आणि साखळी पुढे कितीतरी चालायची. हिचं तसं नाही. हिची काढलेली पिन पुन्हा बसवायची नाही. सोबत एक छोटी जोडकडी येते, तिनंच जोडायची. हे मला माहीत होतं. दुकानदारानं बजावलं होतं. पण मी दिनकरला भाषण देण्यात गुंग. जोडकडीचं पुडकं रिकामं समजून कचऱ्यात टाकलं, आणि साळीनं — त्याच्या बायकोनं — पाणी तापवायला तोच कचरा चुलीत पेटवला.

“झालं का जी?” दिनकर चहा घेऊन आला.

म्हणता आलं असतं ना? कडी हरवली, दुसरी येईपर्यंत सायकल काढू नको. एवढंच. पण पुढचं सगळं मला दिसत होतं — अड्याळच्या ओसरीवर दिनकर माझी नक्कल करतोय, मी चुलीत वाकून राख चाळतोय, आणि घर हसतंय. नवी साखळी मापाला तोडताना निघालेली पिनच मी दाबून परत बसवली. “झालं,” म्हणालो.

रविवारी तो पुढे, मी मागे. चढण सुरू झाल्यावर माझी नजर त्याच्या साखळीवरून हलत नव्हती. अर्ध्यात तो पायडलवर उभा राहिला, सगळा जोर साखळीवर आला. ‘बसून चालव’ हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. आले आणि राहिले. कडाक असा आवाज झाला. त्याचा गुडघा दगडावर आदळला. वाटी फुटली.

दवाखान्यात मामाजींनी विचारलं, नवी साखळी अशी कशी तुटली? मी म्हणालो, “हलका माल होता, मामाजी.”

यात खोटं काय? साखळी हलकीच होती. पण मामाजींनी तो शब्द आपल्याकडे ऐकतात तसा ऐकला — कमी दर्जाचा, स्वस्तातला. दिनकरनं वजनाचा अर्थ घेतला — हलकं ते नाजूक, तुटायचंच. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि मी दोघांच्या मध्ये नामानिराळा उभा.

“पैसे वाचवाले गेला न पाय गमावून बसला,” मामाजी त्याच्या तोंडावर म्हणाले. “थोरल्याले विचारून घ्याचं होतं.”

दिनकरनं माझ्याकडे पाहिलं. मलाच तर विचारून घेतलं होतं त्यानं! मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, “हाओ मामाजी. माहंच चुकलं.”

त्यानं माझी अब्रू राखली. माझा सल्ला चुकला, इतकंच त्याला माहीत होतं. पिनेचं माहीत नव्हतं. साखळी दुकानात परत दाखवू, असं त्यानं सुचवलं तेव्हा ती मी घेतली, आणि वाटेतल्या एका बोडीत, शेतातल्या तळ्यात, फेकून दिली. दुकानदारानं ती पिन पाहिली असती तर त्याला लगेच कळलं असतं.

गुडघा आता पूर्ण वाकत नाही. मंडईत तो खुर्चीवर बसून टाळ वाजवतो. उडी दुसरा कोणी मारतो. अड्याळला अजूनही कशाचा भाव निघाला की कोणीतरी म्हणतंच, “दिनकरसारखा हलका माल नको घेऊ बाप्पा.” तो हसतो. त्याची बायको हसत नाही. माझी बायको सांगते, ती त्याला घरात टोचून बोलते — चार पैशांसाठी पाय घालवला म्हणून. ज्या माणसानं सगळ्यात महाग साखळी घेतली आणि तिची किंमत घरात कधी सांगितली नाही, त्याला.

मी आंधळगावला जातो, चहा पितो, परत येतो. तुम्हाला सांगितलं, त्याला नाही. पिन मी बसवली, आणि ती टिकणार नाही हे बसवतानाच मला माहीत होतं — हे दिनकरला, त्याच्या बायकोला आणि अड्याळच्या त्या घराला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.